जे बदलले नाही, तेही तपासा

१९८६ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिका आणि कॅनडातील काही कर्करोग रुग्णालयांना एका यंत्र-उत्पादक कंपनीचे पत्र मिळाले. यंत्राच्या कीबोर्डवरील वरच्या दिशेच्या बाणाची कळ यापुढे अजिबात वापरू नये. ती चुकूनही दाबली जाऊ नये म्हणून तिचे टोपण काढून टाकावे आणि आतल्या जोडणीवर इन्सुलेशन टेप चिकटवावी, असा त्यातला मजकूर होता. हे यंत्र म्हणजे कर्करुग्णांना किरणोपचार देणारे, संगणकावर चालणारे, त्या काळातले अत्याधुनिक ‘थेरॅक-२५’. आणि त्याच्या सुरक्षिततेचा तातडीचा उपाय काय, तर चिकटपट्टी!

टाइप करताना चुकलेले अक्षर दुरुस्त करण्यासाठी आपण रोज वापरतो ती ही कळ. ती रुग्णाच्या जिवावर कशी उठली, हे समजून घेण्याची गरज आजही संपलेली नाही. अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटर, सलाइनमधून औषध सोडणारा पंप, हृदयाजवळ बसवलेला पेसमेकर, प्रयोगशाळेतले रक्त तपासणारे यंत्र ही सगळी उपकरणे आज सॉफ्टवेअरवर चालतात आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये वेळोवेळी बदल होतात. डॉक्टरांना नवी सोय हवी असते, तंत्रज्ञाला काम लवकर उरकायचे असते, कंपनीला खर्च कमी करायचा असतो, सरकारी नियम बदलतात. यंत्राने काय करावे आणि काय कदापि करू नये, याच्या यादीला अभियंते ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात. आपण साध्या शब्दांत त्यांना अपेक्षा म्हणू. या अपेक्षा बदलत राहणार, हे गृहीतच धरायला हवे. प्रश्न आहे तो एवढाच की, जिथे चुकीची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते, तिथे बदल करायचा कसा?

खटके गेले, भिस्त सॉफ्टवेअरवर

थेरॅक-२५ हे ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या कॅनडातील सरकारी कंपनीचे यंत्र. त्याआधी या कंपनीने ‘सीजीआर’ या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने थेरॅक-६ आणि थेरॅक-२० ही दोन यंत्रे बनवली होती. त्या दोन्हींना संगणक जोडलेला होता, पण तो सोयीपुरता. संगणक नसता तरी ती यंत्रे चालली असती. मुख्य म्हणजे त्यांची सुरक्षा संगणकावर अवलंबून नव्हती. यंत्राचा एखादा भाग जागेवर नसेल तर किरणांचा झोत सुरूच होऊ नये, यासाठी स्वतंत्र विद्युत मंडले आणि यांत्रिक खटके बसवलेले होते. अभियंत्यांच्या भाषेत यांना ‘इंटरलॉक’ म्हणतात. वॉशिंग मशिनचे दार उघडे असेल तर ड्रम फिरत नाही, तसाच हा प्रकार.

थेरॅक-२५ ची आखणी मात्र सुरुवातीपासूनच संगणकाभोवती झाली. संगणकच सगळे पाहणार आहे, तर मग वेगळे खटके आणि वेगळी मंडले कशाला, असा विचार करून त्यातली बरीचशी वगळण्यात आली. सॉफ्टवेअरचा काही भाग मात्र जुन्या यंत्रांमधलाच घेतला होता. म्हणजे कार्यक्रम जुना, पण त्याच्याकडून असलेली अपेक्षा नवी. पूर्वी त्याने यंत्र चालवायचे होते. आता यंत्र चालवायचेही होते आणि रुग्णाचे रक्षणही करायचे होते. हा बदल साधा नव्हता. पण कागदावर तो ‘अनावश्यक भाग कमी केले’ एवढाच दिसत होता.

या यंत्रात नेमके काय सांभाळायचे होते, ते पाहू. थेरॅक-२५ दोन प्रकारचे उपचार देत असे. त्वचेजवळच्या गाठींसाठी इलेक्ट्रॉनचा झोत थेट वापरला जाई. तो सौम्य असे आणि चुंबकांच्या साहाय्याने पसरवलेला असे. शरीरात खोलवर असलेल्या गाठींसाठी क्ष-किरण लागत. ते तयार करण्यासाठी इलेक्ट्रॉनचा झोत धातूच्या एका लक्ष्यावर आदळवला जाई. यात बरीचशी शक्ती वाटेतच खर्ची पडते. त्यामुळे क्ष-किरणांसाठीचा मूळ झोत इलेक्ट्रॉन उपचाराच्या सुमारे शंभरपट प्रखर ठेवावा लागे. कोणत्या उपचारासाठी झोतासमोर काय यायचे, ते एक फिरती चकती ठरवत असे. आता कल्पना करा की, झोत क्ष-किरणांसाठीचा, म्हणजे शंभरपट प्रखर आहे. पण चकती इलेक्ट्रॉनच्या जागी आहे आणि वाटेत धातूचे लक्ष्यच नाही. असे कधीही होऊ नये, ही या यंत्राकडून असलेली पहिली अपेक्षा. जुन्या यंत्रात ती खटके पाळत असत. नव्या यंत्रात ती संगणकाने पाळायची होती.

आठ सेकंदांची फट

याच यंत्रात आणखी एक बदल झाला, तोही अगदी रास्त कारणासाठी. तंत्रज्ञ आधी उपचाराच्या खोलीत यंत्रावर रुग्णासाठीची मापे लावत आणि मग बाहेर येऊन तीच मापे कीबोर्डवर पुन्हा टाइप करत. दोन्ही जुळली तरच उपचार सुरू होत. हे दोनदा करणे वेळखाऊ होते, तशी तक्रार झाली. म्हणून कंपनीने सोय करून दिली की, पुन्हा टाइप करण्याऐवजी नुसती ‘रिटर्न’ची कळ दाबली तरी आतली मापे पडद्यावर उमटतील. तंत्रज्ञांची बोटे सरावली आणि काम भरभर होऊ लागले. पण दोनदा टाइप करणे ही केवळ कटकट नव्हती, ती एक तपासणीही होती. शिवाय, कोणी इतक्या वेगाने कळा दाबेल, असे सॉफ्टवेअर लिहिताना गृहीतच धरलेले नव्हते.

टेक्सासमधील टायलर या गावच्या कर्करोग केंद्रात १९८६ च्या मार्चमध्ये काय घडले, ते यातूनच कळते. अनुभवी तंत्रज्ञाने इलेक्ट्रॉनऐवजी चुकून क्ष-किरणांचे अक्षर टाइप केले. चूक लगेच लक्षात आली. वरच्या बाणाने मागे जाऊन अक्षर दुरुस्त केले, बाकीच्या ओळींवर भराभर ‘रिटर्न’ दाबले आणि झोत सुरू करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर सगळे बरोबर दिसत होते. पण आत यंत्र आपले चुंबक जुळवण्यात गुंतलेले होते आणि त्याला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळली आणि दुसऱ्याला कळलीच नाही. चकती इलेक्ट्रॉनच्या जागी गेली, झोत मात्र क्ष-किरणांचा राहिला.

पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढाच संदेश आला. त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत दिलेला नव्हता. असे संदेश या यंत्रावर नेहमीच येत आणि ‘पुढे चला’ची एक कळ दाबली की काम पुन्हा सुरू होई. ठरलेल्या मात्रेपेक्षा फारच कमी किरण गेले आहेत, असेही यंत्र दाखवत होते. तंत्रज्ञाने ती कळ दाबली. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि बोलण्याचे यंत्र बिघडलेले होते. आत रुग्णाला पाठीत विजेचा झटका बसल्यासारखे झाले. उठण्याच्या प्रयत्नात असताना दुसरा झटका बसला. नंतर केलेल्या अंदाजानुसार, जिथे १८० रॅड द्यायचे होते, तिथे अगदी छोट्या जागेवर एका सेकंदाच्याही आत १६,५०० ते २५,००० रॅड इतका मारा झाला होता. पाच महिन्यांनी हा रुग्ण दगावला.

कंपनीच्या अभियंत्यांना दोष सापडला नाही. त्यांनी चाचणी घेताना मापे सावकाश, काळजीपूर्वक भरली. मग यंत्र चुकणार कसे? यंत्र पुन्हा सुरू झाले आणि काही दिवसांतच, ११ एप्रिलला, त्याच केंद्रात दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडले. तो तीन आठवड्यांत गेला. या वेळी केंद्रातील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ दोघे यंत्रापुढे बसले आणि तोच क्रम पुन:पुन्हा करून पाहिला. शेवटी रहस्य उलगडले. दुरुस्ती भरभर केली तरच ‘५४’ येतो! चिकटपट्टीचे पत्र निघाले ते यानंतर.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अशा सहा घटना झाल्या. सुरुवातीच्या रुग्णांनी भाजल्याची तक्रार केली, तेव्हा ‘या यंत्रात असे होणे शक्यच नाही’ असे उत्तर मिळाले. कॅनडातील हॅमिल्टन इथल्या घटनेनंतर कंपनीने एका छोट्या स्विचवर संशय घेतला, तो भाग सुधारला आणि यंत्राची सुरक्षितता किमान एक लाख पटीने वाढल्याचा दावा केला. खरे कारण तोवर कुणालाही ठाऊक नव्हते. यंत्राचे सुरक्षा-विश्लेषण १९८३ मध्ये झाले होते, पण त्यात सॉफ्टवेअरमधल्या चुका विचारातच घेतलेल्या नव्हत्या. संगणक चुकीची ऊर्जा निवडेल याची शक्यता त्यात दहा हजार कोटींत एक अशी मांडलेली होती. हा आकडा आला कुठून, याचे स्पष्टीकरण नव्हते.

फ्यूज झाकत होता दोष

टायलरची बातमी पसरल्यावर शिकागो विद्यापीठाच्या किरणोपचार केंद्रात एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. त्यांच्याकडे जुने थेरॅक-२० होते. शैक्षणिक वर्ष सुरू होऊन नवे विद्यार्थी यंत्रावर हात बसवू लागले की त्याचे फ्यूज वारंवार उडत. कशाही क्रमाने कळा दाबणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे हे होते, एवढे ठाऊक होते. पण फ्यूज बदलला की काम चालू होई, म्हणून कुणी खोलात गेले नव्हते. आता तपासले तेव्हा दिसले की, थेरॅक-२५ मधला तो दोष थेरॅक-२० च्या सॉफ्टवेअरमध्येही होता. फरक इतकाच की, तिथे चुकीची जुळणी झाली की स्वतंत्र विद्युत मंडल झोत तोडून टाकत असे. रुग्णाला इजा होत नव्हती, फक्त फ्यूज जात होता.

या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. जुने सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले, म्हणून ते विश्वासार्ह मानले गेले. प्रत्यक्षात ती कमाई सॉफ्टवेअरची नव्हती, फ्यूजची होती. नव्या यंत्रात फ्यूजचे काम काढून घेतले आणि त्याच्या पुण्याईवर मिळालेले प्रशस्तिपत्र मात्र सॉफ्टवेअरच्या गळ्यात तसेच राहिले. बदलले ते खटके. पण तपासायला हवे होते ते न बदललेले सॉफ्टवेअर. कारण त्याच्या भोवतीचे जग बदलले होते.

हा मुद्दा आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातही दिसतो. एखाद्या ज्येष्ठ नागरिकाला रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ वर्गातली गोळी चालू आहे. सोबत लघवी वाढवणारी गोळी आहे. दोन्ही योग्य, दोन्ही डॉक्टरांनी दिलेल्या. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी त्यात भर घालते. ही तिसरी गोळी एकटी पाहिली तर साधी. पण तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा घटू शकतो आणि ती अचानक मंदावू शकतात. जुन्या दोन गोळ्या बदलल्या नाहीत, तरी त्यांचा अर्थ बदलला. म्हणून चांगला डॉक्टर नवी गोळी लिहिण्याआधी जुनी चिठ्ठी मागतो.

रॉकेट आणि विमानातही तेच

हा प्रकार केवळ रुग्णालयांपुरता नाही. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून युरोपचे नवे एरियन-५ रॉकेट उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत त्याचे तुकडे झाले. सोबतचे चार उपग्रह नष्ट झाले. रॉकेटची दिशा आणि गती सांगणारी यंत्रणा एरियन-४ मधून जशीच्या तशी घेतलेली होती. आडव्या दिशेचा वेग दाखवणारी एक मोठी संख्या त्यातले सॉफ्टवेअर छोट्या चौकटीत बसवत असे. एरियन-४ मध्ये ती संख्या त्या चौकटीबाहेर कधीच गेली नसती. एरियन-५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा होता, वेग जास्त होता. संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडली होती. आणखी खेदाची गोष्ट म्हणजे, ज्या गणितात हे घडले, त्याची उड्डाण झाल्यानंतर एरियन-५ ला गरजच नव्हती. चौकशी समितीला असेही आढळले की, त्या यंत्रणेसाठी लिहिलेल्या अपेक्षांमध्ये एरियन-५ च्या मार्गाची माहिती घातलेलीच नव्हती.

बोइंग ७३७ मॅक्स विमानातील ‘एमकॅस’ यंत्रणेची कथाही याच वळणाची आहे. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर जाऊ लागले तर ते आपोआप खाली आणण्यासाठी ही यंत्रणा होती. सुरुवातीला ती फक्त जास्त वेगातल्या, क्वचित येणाऱ्या परिस्थितीसाठी होती. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या मोजमापांनी दुजोरा दिला तरच ती चाले आणि शेपटीचा पंखा एका वेळी फक्त ०.६ अंशांनी हलवू शके. पुढे चाचण्यांमध्ये कमी वेगातही तिची गरज भासली. तेव्हा ही मर्यादा २.५ अंशांवर नेली गेली आणि दुसऱ्या मोजमापाची अट गळून पडली. उरला तो एकाच संवेदकाचा शब्द. अधिकार चौपट झाला, पुरावा निम्मा झाला. पण धोक्याचे मूल्यमापन त्या प्रमाणात नव्याने झाले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ जणांचा बळी गेला. त्यानंतर जगभर ही विमाने जमिनीवर आली. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यांचे उड्डाण थांबवले आणि ही बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली.

तिन्ही ठिकाणी बदल करणारी माणसे बेपर्वा नव्हती. प्रत्येक बदलामागे समजण्याजोगे कारण होते. सुटली ती एकच गोष्ट. ‘या बदलामुळे आधीचा कोणता निर्णय चुकीचा ठरतो?’ हा प्रश्न वेळेवर आणि नीट विचारला गेला नाही.

बदल सांभाळायचा कसा?

मग बदल थांबवायचे का? ते शक्य नाही आणि हिताचेही नाही. दोष सापडला तर दुरुस्त करावाच लागतो. जुने सॉफ्टवेअर तसेच ठेवले तर त्यात बाहेरून घुसखोरी होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून बदलाला शिस्त लावणे हाच मार्ग उरतो. या क्षेत्राने गेल्या चाळीस वर्षांत जी शिस्त उभी केली, तिची सूत्रे साधी आहेत.

पहिले सूत्र, प्रत्येक अपेक्षेसोबत तिचे कारण लिहून ठेवायचे. ‘मापे दोनदा भरावीत’ एवढेच लिहिले तर उद्या कुणीतरी ते वेळखाऊ म्हणून काढून टाकणार. ‘चुकीचे माप पकडले जावे, म्हणून दोनदा भरावीत’ असे लिहिले, तर काढणाऱ्याला पर्याय शोधावा लागतो. थेरॅक-२५ चे सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच व्यक्तीने अनेक वर्षांत लिहिले होते आणि त्याच्या नोंदी तुटपुंज्या होत्या. कारणे डोक्यात राहिली, कागदावर आली नाहीत.

दुसरे सूत्र, धागा तुटू द्यायचा नाही. कोणती अपेक्षा कोणत्या धोक्यातून आली, ती यंत्राच्या कोणत्या भागाने पूर्ण केली आणि कोणत्या चाचणीने ती सिद्ध झाली, हे एकमेकांना जोडून ठेवायचे. मग एक गोष्ट हलवली की कुठे कुठे ताण पडतो, ते दिसते. असा धागा नसेल, तर बदल छोटा आहे की मोठा, हे अंदाजानेच ठरते.

तिसरे सूत्र, बदल एकट्याने मंजूर करायचा नाही. सॉफ्टवेअर लिहिणारा, यंत्र वापरणारा, रुग्णाची काळजी घेणारा आणि या सगळ्यांपासून वेगळा असा एखादा तपासनीस, अशांच्या गटापुढे तो यावा लागतो. टायलरचा दोष सापडला, तो यंत्र रोज हाताळणाऱ्या व्यक्तीमुळे, हे विसरून चालणार नाही.

चौथे सूत्र, चाचणी फक्त बदललेल्या भागाची घ्यायची नाही. न बदललेला भागही नव्या परिस्थितीत तपासायचा. आणि ही चाचणी आदर्श वापरकर्ता धरून घ्यायची नाही. घाईत असलेला, थकलेला, सरावलेला, शिकाऊ अशा सगळ्यांसारखे वागून घ्यायची.

पाचवे सूत्र, शेवटचा पहारेकरी वेगळ्या घडणीचा असावा. चिकटपट्टीच्या पत्रानंतरही, जानेवारी १९८७ मध्ये, अमेरिकेतल्याच याकिमा इथे आणखी एका रुग्णाला जादा मात्रा गेली, आणि तीही सॉफ्टवेअरमधल्या अगदी वेगळ्या दोषाने. तिथला एक मोजणारा आकडा २५५ नंतर पुन्हा शून्यावर येई आणि शून्य असताना चकतीची तपासणीच वगळली जाई. म्हणजे एक दोष बुजवला, तरी दोषांची जात शिल्लक होती. अखेर नियामकांच्या आग्रहानंतर यंत्रात सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेली स्वतंत्र सुरक्षा बसवली गेली. काढलेले खटके दुसऱ्या रूपात परत आले.

या प्रकरणाचा सखोल अभ्यास नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. आज जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो शिकवला जातो. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी २००६ मध्ये ‘आयईसी ६२३०४’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. बदलाची मागणी नोंदवणे, तिचा परिणाम तपासणे, तिला रीतसर मंजुरी देणे आणि मगच तो अमलात आणणे, हा क्रम त्यात घालून दिलेला आहे. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी मोठे बदल आणि किरकोळ बदल असा भेद केला आणि १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आले. किरणोपचार केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. अशा केंद्रात पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असणे बंधनकारक आहे.

आपण काय लक्षात ठेवावे?

हे वाचून कुणी किरणोपचाराला घाबरू नये. कर्करोगावरच्या प्रमुख उपचारांपैकी हा एक आहे आणि आजच्या यंत्रांमध्ये एकमेकांपासून स्वतंत्र असे सुरक्षेचे अनेक थर असतात. डॉक्टरांनी सुचवलेला उपचार भीतीपोटी टाळणे हाच मोठा धोका ठरेल. पण रुग्ण आणि नातेवाईक म्हणून काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

किरणोपचाराच्या वेळी सहसा काही जाणवत नाही. अचानक चटका, झटका किंवा तीव्र वेदना जाणवली तर लगेच हात वर करून किंवा आवाज देऊन सांगावे आणि पुढचा उपचार होण्याआधी डॉक्टरांना भेटण्याचा आग्रह धरावा. खोलीतला कॅमेरा आणि बोलण्याची सोय चालू आहे ना, हे विचारण्यात संकोच नको. घरी वापरायची इन्सुलिन पंप किंवा साखर मोजण्याची उपकरणे अद्ययावत करण्याची सूचना आली, तर ती अधिकृत आहे का, त्यानंतर आपली जुनी मापे, गजर आणि मर्यादा तशाच राहिल्या आहेत का, हे पाहून घ्यावे. नवे औषध सुरू होताना जुन्या सगळ्या औषधांची यादी, अगदी दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांसकट, डॉक्टरांपुढे ठेवावी.

आणि जे अशा यंत्रणा बनवतात, चालवतात किंवा विकत घेतात, त्यांच्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. जे आजवर सुरळीत चालले, ते कशाच्या आधारावर चालले? आणि आपण जो भाग काढतो आहोत किंवा सोपा करतो आहोत, तोच तर तो आधार नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘माहीत नाही’ असे असेल, तर ते शोधेपर्यंत बदल थांबवणे हेच शहाणपणाचे. थोडा उशीर भरून काढता येतो.